गावरान कोंबडीच्या वाढीची जनुकं तपासताना: अंगणापासून जेलपर्यंतचा क्रम

कोंबड्यांच्या वाढीच्या जनुकांवरचे विद्यार्थ्यांचे अहवाल वाचले की चूक बहुतेक वेळा एकाच जागी सापडते, आणि ती जागा प्रयोगशाळेत नसते. पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढणं) नीट झालेली असते, जेलचा (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थराचा) फोटो स्वच्छ असतो, तक्ते भरलेले असतात. पण कोंबडी कुणाच्या घरची, वय किती, तिची भावंडं यादीत आणखी किती, याचं उत्तर कुठंच नसतं. ते नसलं की पुढची सगळी आकडेमोड वाया जाते.

कोल्हापूर परिसरात एम.एस्सी.चा किंवा पीएच.डी.च्या सुरुवातीचा असा प्रकल्प हाती घेणाऱ्यांसाठी इथं कामाचा क्रम दिला आहे. उदाहरणाला आयजीएफ-१ या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रमोटरमधला, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या भागातला, एक बदल धरला आहे: एका जागी 'ए' या डीएनए-अक्षराऐवजी 'सी'. जनुक दुसरं घेतलं तरी क्रम बदलत नाही.

१. आधी प्रश्न एकच ठरवा

या विषयात दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला: गावरान, असील, कडकनाथ, वनराज अशा गटांत या बदलाचं प्रमाण किती? दुसरा: हा बदल अंगात असलेली पिलं खरोखर जास्त वाढतात का?

दोन्ही प्रश्नांना लागणाऱ्या कोंबड्या वेगळ्या. प्रमाण काढायचं तर वेगवेगळ्या घरांतल्या, एकमेकींशी नातं नसलेल्या कोंबड्या हव्यात. वय नेमकं माहीत नसलं तरी चालतं. वाढीशी संबंध तपासायचा तर एकाच वेळी उबवलेली, एका खाद्यावर वाढलेली, जन्मतारीख माहीत असलेली पिलं हवीत. गावोगाव फिरून रक्त गोळा करायचं आणि जाता जाता कोंबडी तराजूवर ठेवून 'वाढीशी संबंध'ही काढायचा, हा सगळ्यात जास्त दिसणारा घोळ आहे. 'गेल्या दिवाळीची तलंग हाय' हे मालकाचं उत्तर प्रामाणिक असतं. पण त्यावरून वाढीचा दर निघत नाही.

तिसराही एक मोह असतो. ब्रॉयलर आणि गावरान शेजारी शेजारी ठेवायचे, ब्रॉयलरमध्ये 'सी' जास्त निघाला की 'सी'मुळे वजन वाढतं असं लिहून मोकळं व्हायचं. ब्रॉयलरची आणि गावरानची वेगळी झालेली जागा ही एकच नाही. जीनोमभर अशा असंख्य जागा आहेत. दोन जातींतल्या प्रमाणाचा फरक एवढंच सांगतो की जाती वेगळ्या आहेत. एखाद्या बदलाचा परिणाम पाहायचा तर तो एकाच कळपाच्या आत पाहावा लागतो.

तपासा: तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहून मार्गदर्शकांना दाखवा. त्या वाक्यात 'आणि' आला असेल तर बहुधा प्रकल्प दोन आहेत.

२. जनुक कुठल्या गुणसूत्रावर आहे ते पाहा

कोंबडीत ७८ गुणसूत्रं असतात आणि लिंग ठरवणारी जोडी आपल्याहून उलट चालते: कोंबड्यात झेड-झेड, कोंबडीत झेड-डब्ल्यू. आयजीएफ-१ पहिल्या गुणसूत्रावर आहे, वाढ संप्रेरकाचं जनुक, म्हणजे जीएच, सत्ताविसाव्यावर. स्नायूंच्या वाढीला आवर घालणारं मायोस्टॅटिन सातव्यावर. पण वाढ संप्रेरकाच्या ग्राहकाचं जनुक, जीएचआर, झेडवर आहे. कोंबड्यांमधला लिंगसंलग्न खुजेपणा याच जनुकातल्या बिघाडामुळे येतो, म्हणून अनेकजण हौसेनं तेच निवडतात.

आणि तिथंच फसतात. मादीत झेड एकच असल्यामुळे जीएचआरची प्रत एकच असते. मादी 'ए-सी' असूच शकत नाही. तुमच्या तक्त्यात माद्या मिश्र जनुकप्रकाराच्या दिसत असतील तर लिंग चुकलंय, नळी बदललीय किंवा जेल चुकीचं वाचलंय. अ‍ॅलीलची (जनुकाच्या पर्यायी रूपांची, जसे 'ए' आणि 'सी') मोजणीही बदलते: २० नर आणि ४० माद्या असतील तर एकूण अ‍ॅलील १२० नव्हेत, ८०. हार्डी-वाइनबर्गची चाचणी (प्रत्येक जनुकप्रकाराचे पक्षी अपेक्षित प्रमाणात आहेत का, हे पाहणारी) अशा जनुकावर फक्त नरांत करायची.

पहिलाच प्रकल्प असेल तर झेडवरचं जनुक टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रायमर (पीसीआरला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) जुन्या शोधनिबंधातून जसेच्या तसे उचलू नका. कोंबडीच्या संदर्भ जीनोमच्या आवृत्त्या बदलत आल्या आहेत आणि जुन्या निबंधातला जागेचा क्रमांक २०२१ च्या जीआरसीजी७बी आवृत्तीत जुळत नाही. प्रायमरची जोडी संगणकावरच्या आभासी पीसीआरमध्ये टाका. अपेक्षित लांबीचा एकच तुकडा मिळाला तरच ऑर्डर द्या. छपाईत एक अक्षर चुकलेले प्रायमर निबंधांत सापडतात, आणि ते मागवून महिनाभर तापमान बदलत बसणारेही.

३. गावात जाण्याआधी

रक्त काढायचं म्हणजे संस्थेच्या प्राणी नीती समितीची लेखी परवानगी आधी हवी. काम झाल्यावर मागितलेली परवानगी ही परवानगी नसते, आणि पुढं निबंध छापताना नेमकी तीच तारीख विचारली जाते. पहिले काही दिवस तरी पशुवैद्यक सोबत ठेवा.

दिवसाचं गणितही बघा. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीच्या वाड्यांवर भर पावसात सॅम्पल गोळा करणं अवघड जातं, आणि वीज गेली की गावातल्या फ्रिजचा भरवसा नसतो. वाढीचा प्रयोग करणार असाल तर आषाढ लक्षात ठेवाच. त्र्यंबोलीच्या यात्रेपासून गावोगावच्या जत्रांपर्यंत या महिन्यात कोंबडे झपाट्यानं कमी होतात. तुमच्या प्रयोगातला १४ आठवड्यांचा नर रश्शात गेला तर मालकाला दोष देता येणार नाही. अंडी २१ दिवसांत फुटतात. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पिलं बाहेर आली तर १६ आठवडे जूनच्या सुरुवातीलाच भरतात आणि प्रश्न मिटतो. उन्हाळ्यात सावली आणि पाण्याची सोय मात्र सगळ्या पिलांना सारखी हवी.

सावधान: एका घरातून दुसऱ्या घरात रोग तुम्हीच नेऊ शकता. मानमोडीची (राणीखेत रोगाची) शंका असलेल्या वस्तीत जाऊ नका. दर कोंबडीला नवी सुई, दर घरानंतर हात आणि चपला जंतुनाशकानं धुणं. तुमच्यामागं कोंबड्या मेल्या तर त्या गावात पुढच्या विद्यार्थ्यालाही कुणी उभं करणार नाही.

४. कोंबड्या निवडणं

इथं घाई करू नका, कारण इथली चूक नंतर कुठल्याही यंत्रानं दुरुस्त होत नाही.

'गावरान' हा शब्द बाजारात फार सैल वापरला जातो. अंगणातली रंगीत कोंबडी म्हणजे गावरान, एवढीच कसोटी असते. पण गिरिराज, वनराज, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) या सुधारित कोंबड्यांची एक दिवसाची पिलं वर्षानुवर्षं खेड्यांत वाटली, विकली गेली आहेत आणि त्यांचं रक्त गावच्या कळपात मिसळलंय. म्हणून मालकाला तीन प्रश्न विचारा: ही कोंबडी इथंच उबवलेली की विकत आणलेली? आई खुडूक बसून पिलं काढायची का? गेल्या चार-पाच वर्षांत घरात बाहेरचा कोंबडा आला का? बाजारात विकायला आलेली कोंबडी घेऊ नका; ती कुठून आली हे विकणाऱ्यालाही धड माहीत नसतं.

असील म्हणून दाखवलेला प्रत्येक उंच कोंबडा असील नसतो आणि काळं मांस असलेली प्रत्येक कोंबडी शुद्ध कडकनाथ नसते. या दोन जातींसाठी नोंदवही असलेल्या फार्मकडून किंवा सरकारी केंद्राकडून सॅम्पल घ्या. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंद झालेल्या जातींचं वर्णन मिळतं. त्याच्याशी तुरा, पायाचा रंग, अंगलट ताडून बघा आणि प्रत्येक पक्ष्याचा फोटो ठेवा. नोंद नसलेल्या पक्ष्यांना तुमच्या अहवालात 'अमुक तालुक्यातील स्थानिक कोंबड्या' एवढंच म्हणा.

प्रमाण काढण्यासाठी दर गटात निदान ४० ते ५० पक्षी धरा. एका घरातून एकच, फार तर दोन, आणि तेही वेगळ्या आईचे. वाडीवर सगळ्या माद्यांना एकच कोंबडा असतो हे विसरू नका; एकाच वाडीतली पाच घरं म्हणजे कदाचित एकाच बापाची पोरं. म्हणून गावं वाढवा, घरं कमी करा.

एखादा मालक म्हणेल, 'ह्यो नवसाचा हाय, ह्याला सुई लावायची न्हाई.' तिथं वाद घालू नका. पुढचं घर गाठा.

तपासा: संध्याकाळी घरी आल्यावर यादी वाचा. एका आडनावाची, एका गल्लीची चार सॅम्पलं असतील तर दोन काढून टाका. ती मोफत मिळाली म्हणून ठेवायची नाहीत.

५. वजनाची नोंद (फक्त दुसऱ्या प्रश्नासाठी)

पिलू बाहेर आलं त्याच दिवशी पंखाला क्रमांकाची पट्टी लावा आणि वजन घ्या. नंतर ४, ८, १२, १६ आठवड्यांना. वजन सकाळी, खाद्य टाकण्याआधी. गळ्यापाशी दाण्यांनी फुगलेली पिशवी घेऊन तराजूवर बसलेलं पिलू खोटं वजन दाखवतं. तराजू शेवटपर्यंत एकच ठेवा आणि दर वेळी माहीत असलेलं वजन ठेवून तो तपासा.

लहान पिलाचं लिंग डोळ्यानं ओळखण्याचा आत्मविश्वास नको. सीएचडी-१ जनुकावरची साधी पीसीआर करता येते: नरात एक बँड (जेलवरची पट्टी), मादीत दोन. नर जास्त वाढतो, त्यामुळे लिंगाची चूक थेट वजनाच्या निकालात उतरते.

मेलेल्या, हरवलेल्या पिलांची नोंद खोडू नका. तारीख टाकून ठेवा.

६. रक्त घेणं

पंखाखालची शीर सोयीची. प्रौढ कोंबडीचं अर्धा मिलिलिटर रक्त भरपूर झालं. त्यातलंही बरंचसं उरणार आहे. ईडीटीएची व्हायल वापरा, म्हणजे जांभळ्या टोपणाची. हेपॅरीनची नको, हेपॅरीन पीसीआर अडवतं, आणि मग दोष विनाकारण प्रायमरला लागतो. व्हायल आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करा. जोरात हलवू नका. सुई काढल्यावर कापूस मिनिटभर दाबून धरा, नाहीतर पंखाखाली काळंनिळं होतं आणि मालक नाराज होतो.

लेबल आधी, रक्त नंतर. क्रमांक व्हायलच्या अंगावर लिहा, टोपणावर नाही; टोपणं बदलतात. बर्फाच्या पेटीत ओल्या हातानं पुसलं जाणार नाही असं पेन घ्या. प्रयोगशाळेत पोचल्यावर काही दिवसांत काम होणार असेल तर ४ अंशांवर, नाहीतर उणे २० वर ठेवा.

७. डीएनए काढणं: कमी रक्त घ्या

माणसाच्या रक्तासाठी लिहिलेली पद्धत कोंबडीला तशीच लावली की हमखास बिघडते. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं. त्यामुळे थेंबभर रक्तातही डीएनए मुबलक. १० ते २० मायक्रोलिटर रक्त पुरतं. २०० मायक्रोलिटर घेतलं की नळीत गुळाच्या पाकासारखा घट्ट गोळा होतो, किटचा स्तंभ तुंबतो, प्रथिनं सुटत नाहीत.

थोडं रक्त, प्रोटीनेज-के (प्रथिनं पचवणारं एन्झाइम), ५६ अंशांवर मिश्रण पूर्ण एकजीव होईपर्यंत. घाईनं पुढं जाऊ नका. गुठळी दिसत असेल तर अजून वेळ द्या. फिनॉल वापरत असाल तर धुराड्याखाली, हातमोजे घालून. ते त्वचा भाजतं. शेवटी मिळालेला डीएनए रात्रभर सावकाश विरघळू द्या.

तपासा: प्रकाशशोषणाचं (शुद्धतेची खूण) २६०/२८० चं गुणोत्तर १.८ च्या आसपास, २६०/२३० दोनच्या आसपास. नुसत्या आकड्यांवर विसंबू नका, ०.८ टक्के अगारोजच्या जेलवर एक फेरी चालवा. वर एक घट्ट बँड हवा. खालपर्यंत धूर पसरला असेल तर डीएनए तुटलाय.

८. पीसीआर

२५ मायक्रोलिटरच्या मिश्रणात ५० ते १०० नॅनोग्रॅम डीएनए, प्रत्येक प्रायमर १० पिकोमोल, १.५ मिलिमोलर मॅग्नेशियम, १ युनिट टॅक (डीएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम). ही सुरुवात आहे. तुमचं यंत्र आणि तुमचे प्रायमर यांसाठी तापमानाचा उतार लावून अ‍ॅनिलिंगचं (प्रायमर डीएनएला चिकटण्याचं) तापमान एकदा शोधा आणि मग ते बदलू नका. जास्त डीएनए टाकला म्हणजे जास्त बँड येत नाही. कोंबडीच्या बाबतीत बहुतेक वेळा उलटं होतं. आधी डीएनए विरळ करून बघा, मग बाकीचं बदला.

प्रत्येक फेरीत डीएनएऐवजी पाणी घातलेली एक नळी हवीच. तिच्यात बँड आला तर त्या फेरीतले सगळे निकाल रद्द. 'फिकट आहे, चालेल' असं म्हणू नका.

९. एन्झाइमनं कापणं आणि जेल वाचणं

आयजीएफ-१ च्या या जागेसाठी ८१३ बेस जोड्यांचा तुकडा वाढवून तो हिन्फ-वन या एन्झाइमनं ३७ अंशांवर कापतात. निकाल असा दिसतो:

ए-ए: ६२२ आणि १९१
सी-सी: ३७८, २४४ आणि १९१
ए-सी: ६२२, ३७८, २४४ आणि १९१

१९१ चा तुकडा तिन्हींत आहे. म्हणजे एक छेद प्रत्येक पक्ष्यात होतोच, मग त्याचा जनुकप्रकार कुठलाही असो. हा छेद तुमचा फुकटचा पहारेकरी आहे. जेलवर ८१३ चा बँड उरलेला दिसला तर एन्झाइमचं काम अर्धवट राहिलंय. अशा वेळी खरा सी-सी पक्षीसुद्धा ए-सी सारखा दिसतो, कारण न कापलेला ६२२ मागं राहतो. मिश्र जनुकप्रकार भलतेच जास्त निघालेल्या प्रकल्पांत आधी हेच तपासावं. एन्झाइम रात्रभर ठेवा आणि उत्पादनाची मात्रा बेतानं घ्या.

जेल २.५ टक्के, आणि सावकाश चालवा. २४४ आणि १९१ जवळजवळ आहेत. लहान तुकडा फिकट दिसतो, तो नाही असं समजू नका. इथिडियम ब्रोमाइड जनुकांना इजा करणारं रसायन आहे. त्याची जागा, हातमोजे आणि कचरा वेगळा ठेवा.

तपासा: जेल दोघांनी स्वतंत्रपणे वाचा, एकमेकांचा तक्ता न बघता. दर दहातलं एक सॅम्पल पुन्हा पहिल्यापासून करा. प्रत्येक जनुकप्रकाराचे दोन-तीन नमुने सँगर सिक्वेन्सिंगला पाठवा. मिश्र पक्ष्यात त्या जागी दोन शिखरं एकावर एक दिसायला हवीत.

१०. प्रमाण आणि हार्डी-वाइनबर्ग

समजावण्यापुरते आकडे घेऊ. ६० कोंबड्या: ए-ए २०, ए-सी २०, सी-सी २०. 'ए'चं प्रमाण (४० + २०) ÷ १२० = ०.५. समतोल असता तर १५, ३०, १५ अपेक्षित. काय-वर्ग (अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचं माप) १.६७ + ३.३३ + १.६७ = ६.६७. मर्यादा ३.८४. म्हणजे समतोल नाही.

मर्यादा ३.८४ का? कारण मुक्तता-अंश १ आहे: जनुकप्रकार ३ वजा अ‍ॅलील २. अनेकजण 'तीन वजा एक' करून २ धरतात आणि ५.९९ शी तुलना करतात. ही चूक इतकी रुळलीय की छापील अहवालांतही भेटते.

समतोल बिघडला की लगेच 'निवडीचा दाब' लिहिला जातो. थांबा. तेच ६० पक्षी दोन भागांतून आले होते असं समजा: डोंगराकडच्या वाडीतून ३० (१९, १०, १) आणि शहराजवळच्या गावातून ३० (१, १०, १९). पहिल्या गटात 'ए' ०.८, दुसऱ्यात ०.२. पहिल्यात अपेक्षित १९.२, ९.६, १.२, म्हणजे जवळपास जसाच्या तसा समतोल, आणि दुसऱ्यातही तसंच. बिघाड कोंबड्यांत नव्हता. दोन वेगळे कळप तुम्ही एका तक्त्यात ओतलेत एवढंच. म्हणून आधी गावागटानं वेगळं मोजा, मग एकत्र. त्याआधी नववा टप्पा पुन्हा चाळा, कारण जेलच्या चुकाही समतोल बिघडवतात.

११. वजनाशी संबंध

तीन जनुकप्रकारांची सरासरी काढून टी-चाचणी लावणं पुरेसं नाही. लिंग, उबवणीची तुकडी, पिंजरा किंवा शेड आणि शक्य असेल तर बाप, हे सगळं मॉडेलमध्ये घ्या, मग जनुकप्रकार. एका कोंबड्याची सगळी पिलं सी-सी निघाली आणि तीच जड असतील, तर श्रेय 'सी'चं की त्या कोंबड्याच्या बाकीच्या जनुकांचं, हे सांगता येत नाही. निदान काही बापांच्या पोटी दोन्ही प्रकारची पिलं हवीत.

दुर्मिळ प्रकाराची संख्या आधीच मोजा. एखाद्या अ‍ॅलीलचं प्रमाण ०.२ असेल तर १०० पिलांत त्याचे शुद्ध पक्षी चारच. चार पिलांची सरासरी ही सरासरी नसते. तो प्रकार मिश्र गटात मिळवा, किंवा तुलना करूच नका.

आणि चाचण्या मोजा. पाच जागा, पाच वयं म्हणजे २५ चाचण्या, ०.०५ ची मर्यादा धरली तर निव्वळ योगायोगानं एखादी 'लक्षणीय' निघणारच. २५ नं भागून ०.००२ धरा. सगळ्या तक्त्यातला तारा लागलेला एकच आकडा उचलून निष्कर्षात टाकणं बंद करा.

१२. अहवालात काय लिहायचं

संबंध सापडला तरी 'वाढीचं जनुक सापडलं' असं लिहू नका. पहिल्या गुणसूत्रावर त्या बदलाच्या आसपास दुसरे बदल त्याच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या एकत्र जातात. खरं काम त्यांतल्या कुणाचंही असू शकतं. 'या कळपात, या खाद्यावर, या वयात हा बदल वजनाशी निगडित आढळला', एवढं वाक्य पुरे. संबंध सापडला नाही तरी निकाल छापा, पिलांची संख्या आणि अचूकतेची मर्यादा देऊन.

गावं, तालुका, महिना, दर घरामागं किती पक्षी, किती सॅम्पल रद्द केले आणि का, पुन्हा केलेल्या सॅम्पलांत किती जुळले, हे सगळं द्या. जेलचे मूळ फोटो कातरू नका. ८१३ ची जागा फोटोत दिसली पाहिजे. उरलेला डीएनए दोन नळ्यांत विभागून वेगवेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवा, आणि क्रमांकाची यादी कागदावर छापून नळ्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.